परभणी जिल्ह्यातील मीटरगेज रेल्वे : स्थानिक इतिहासलेखन आणि हौशी अभ्यासकांचे योगदान

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचा विचार करताना निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, जमीनधारा पद्धती आणि शिक्षणप्रसार या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने रेल्वेचा इतिहास उपेक्षित राहिला. प्रबंधांमध्ये रेल्वेचा उल्लेख बहुधा ‘दळणवळणाची साधने’ या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदापुरता येतो आणि त्या परिच्छेदातही ‘निजामाने रेल्वे सुरू केली’ एवढे एक वाक्य पुरेसे मानले जाते. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, गंगाखेड या गावांची बाजारपेठ, वस्ती आणि रोजगार यांची घडण रेल्वेशी निगडित आहे. पूर्णा हे गाव तर जंक्शन म्हणूनच महाराष्ट्राला परिचित झाले.

विद्यापीठीय इतिहासकारांनी सोडून दिलेले हे क्षेत्र दुसऱ्या एका वर्गाने सांभाळले आहे. जुन्या गाड्या, बंद पडलेले मार्ग, इंजिनांचे वर्ग, सिग्नलच्या पद्धती, वेळापत्रके यांची माहिती जमविणारे व ती परस्परांना देणारे हौशी रेल्वे अभ्यासक हा तो वर्ग होय. त्यात निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात, अभियंते असतात, शिक्षक असतात आणि रेल्वे वसाहतीत बालपण गेलेले लोकही असतात. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील मीटरगेज रेल्वेच्या उदाहरणावरून या ज्ञानाचे इतिहासलेखनातील स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हे ज्ञान गौण नाही, परंतु ते जसेच्या तसे स्वीकारण्याजोगेही नाही, अशी या लेखाची भूमिका आहे.

रेल्वेमार्गाची पार्श्वभूमी :

हैदराबाद संस्थानातील पहिला लोहमार्ग वाडी ते सिकंदराबाद असा इ.स. १८७४ मध्ये सुरू झाला. सर सालारजंग हे त्या वेळी संस्थानचे दिवाण होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई–मद्रास मार्गाला जोडणारा हा मार्ग ब्रॉडगेज होता आणि त्याचा खर्च संस्थानाने उचलला होता. पुढे इ.स. १८८३ च्या कराराने लंडन येथे नोंदलेल्या ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या कंपनीकडे ही व्यवस्था गेली. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याजाची हमी संस्थानने दिली होती. नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द या हमीचा निदर्शक आहे. म्हणजे ‘निजामाने रेल्वे बांधली’ हे विधान अर्धेच खरे ठरते. भांडवल आणि व्यवस्थापन लंडनचे व जोखीम हैदराबादच्या खजिन्याची, अशी ती रचना होती.

या कराराच्या वेळी घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. इ.स. १८८३ मध्ये ‘चांदा रेल्वे’ योजनेच्या अटी जाहीर कराव्यात, त्यांवर प्रजेला विचार करू द्यावा, अशी मागणी हैदराबाद शहरातील काही सुशिक्षितांनी केली. तिचे एक अग्रणी डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. हैदराबादच्या राजकीय जागृतीचा आरंभ अनेक अभ्यासक या घटनेपासून मानतात. रेल्वेविषयी तपशील मागणे हा निरुपद्रवी छंद आहे, असे आज वाटते. संस्थानी सत्तेला तो तसा वाटला नव्हता.

परभणीपर्यंत रेल्वे आली ती ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने. हैदराबाद ते मनमाड हा ३९१ मैलांचा, म्हणजे सुमारे ६२९ किलोमीटरचा मार्ग इ.स. १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. तो मीटरगेज होता. दोन रुळांमधील अंतर एक मीटर, तर मनमाडला भेटणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, इ.स. १८७० च्या सुमारास, काटकसरीचा उपाय म्हणून हिंदुस्थान सरकारने मीटरगेज स्वीकारला होता. त्या काटकसरीची किंमत मराठवाड्याने पुढे सुमारे नव्वद वर्षे मोजली.

ही किंमत मनमाडच्या फलाटावर दिसे. परभणी, सेलू, मानवत परिसरातील कापसाच्या गाठी मुंबईकडे निघाल्या की मनमाडला मीटरगेज वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेज वाघिणीत चढवाव्या लागत. हमालीचा खर्च, माल पडून राहण्याचा कालावधी, फुटतूट आणि वाघिणींची टंचाई या सर्वांचा भार अखेरीस शेतमालाच्या भावावर पडे. रेल्वेमुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने लोहमार्गालगत उभे राहिले हे खरे आहे. परंतु कारखाना गावात आणि गेजचा अडसर मनमाडात, अशी ही वाढ होती.

पुढे इ.स. १९१२ मध्ये पूर्णा–हिंगोली ही शाखा सुरू झाली. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाणारा मार्गही मीटरगेजच होता. परळीला विकाराबादकडून येणारा ब्रॉडगेज मार्ग मिळे, म्हणजे तेथेही गेज बदलत असे. १ एप्रिल १९३० रोजी संस्थानने कंपनीकडून रेल्वे ताब्यात घेतली आणि ती ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ झाली. संस्थानच्या विलीनीकरणानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी हे मार्ग मध्य रेल्वेत आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी नव्याने स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत समाविष्ट झाले. नांदेड विभाग १ एप्रिल २००३ पासून अस्तित्वात आला.

पूर्णा जंक्शनचे स्थान :

पूर्णा जंक्शनचे महत्त्व स्थानिक इतिहासलेखनात जेवढे यावयास हवे तेवढे आलेले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात हिंगोलीचा मार्ग वाशीम, अकोला, अकोट या मार्गे खंडव्यापर्यंत जोडला गेला. त्यामुळे राजस्थान–माळव्यातील मीटरगेज जाळे आणि दक्षिणेतील मीटरगेज जाळे यांचा सांधा जुळला. अजमेर, रतलाम, महू, खंडवा, अकोला, पूर्णा, सिकंदराबाद अशी ही साखळी होती. जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावे. काचीगुडा–मनमाड अजंठा एक्सप्रेस ही मीटरगेजवरील वेगवान गाड्यांमध्ये गणली जाई. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राजस्थानी आणि तेलुगू प्रवासी एकाच फलाटावर उतरत असत, हे चित्र त्या साखळीमुळे निर्माण झाले होते.

पूर्णेस वाफेच्या इंजिनांचे लोको शेड होते. या शेडभोवती ड्रायव्हर, फायरमन, खलाशी, फिटर, गार्ड यांची वसाहत वाढली. गावाची भाषा, सण, खानावळी, शाळा यांवर त्या वसाहतीचा ठसा उमटला. शेतीप्रधान जिल्ह्यात मासिक पगारावर जगणारा एवढा मोठा श्रमिक समूह अन्यत्र क्वचितच होता. पूर्णेचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास आरंभ शेडपासूनच करावा लागेल.

गेजबदलाच्या काळात पूर्णेवर विलक्षण प्रसंग आला. मनमाड–औरंगाबाद–परभणी मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले. पूर्णा–अकोला मार्ग मात्र इ.स. २००८ मध्ये रुंद झाला. या मधल्या काळात मनमाडचा जुना अडसर जणू पूर्णेस येऊन बसला आणि प्रवाशांना येथे गाडी बदलण्याबरोबरच गेजही बदलावा लागे. अकोला–खंडवा मार्गाचा उर्वरित भाग १ जानेवारी २०१७ पासून रुंदीकरणासाठी बंद झाला. त्यांपैकी अकोला–अकोट हा टुकडा इ.स. २०२२ मध्ये प्रवासी वाहतुकीस खुला झाला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या भागाविषयी दीर्घ वाद झाला. धूळघाटजवळ एकाच डोंगराला वळसा घालून स्वतःवरूनच जाणारा वर्तुळाकार मार्ग याच भागात होता आणि तो पाहण्यासाठी देशभरातील रेल्वेप्रेमी येत असत.

रुंदीकरण आपोआप झालेले नाही. मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीत ब्रॉडगेजची मागणी दीर्घकाळ अग्रक्रमावर होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न सातत्याने लावून धरला. या चळवळीच्या साहित्यात मीटरगेज हे मागासलेपणाचे प्रतीक म्हणून येते. हौशी अभ्यासकांच्या लेखनात तेच मीटरगेज जिव्हाळ्याचा विषय म्हणून येते. एकाच रुळाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. इतिहासकाराला दोन्ही विचारात घ्याव्या लागतात. मात्र मनमाडला गाठी उतरवून घेणाऱ्या शेतकऱ्याला त्या रुळाविषयी हळहळ वाटण्याचे कारण नव्हते, हे विसरून चालणार नाही.

हौशी अभ्यासकांची परंपरा :

रेल्वेचा छंद हा केवळ बालिश कुतूहलाचा प्रकार आहे, अशी समजूत आपल्याकडे आढळते. वस्तुतः त्याला शतकाहून मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटीची स्थापना इ.स. १९०९ मध्ये झाली. भारतीय इंजिनांविषयीचा आजही आधारभूत मानला जाणारा संदर्भग्रंथ ह्यू ह्यूज यांनी इ.स. १९९० ते १९९६ या काळात चार भागांत प्रसिद्ध केला. त्यातील इ.स. १९९२ चा दुसरा भाग १९४० पूर्वीच्या मीटरगेज इंजिनांना वाहिलेला आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय इ.स. १९७७ मध्ये सुरू झाले. त्यामागे मायकेल सॅटो या भारतात नोकरी केलेल्या इंग्रज रेल्वेप्रेमीचा मोठा पाठपुरावा होता. ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ हा समूह इ.स. १९८९ मध्ये अमेरिकेतील मोजक्या भारतीय रेल्वेप्रेमींनी सुरू केला आणि पुढे तो भारतीय रेल्वेविषयक माहितीचे मोठे भांडार बनला. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या खुणा स्थानकास्थानकावर जाऊन शोधणारे राजेंद्र आकलेकर यांचे ‘हॉल्ट स्टेशन इंडिया’ हे पुस्तक इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पेशाने पत्रकार आहेत.

या सर्व लेखनात मराठवाडा कोठे आहे, असा प्रश्न केल्यास उत्तर फारसे समाधानकारक नाही. बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि त्यात दार्जिलिंग, माथेरान, बोरघाट यांना अग्रस्थान आहे. पूर्णा, परभणी यांचा उल्लेख येतो तो इंजिनांच्या शेडच्या यादीत किंवा एखाद्या छायाचित्राखाली. तथापि ती एक ओळही उपयुक्त असते. कारण मराठीत तीही नाही.

हौशी ज्ञानाचे साधनमूल्य :

हौशी अभ्यासकाचे ज्ञान इतिहासाला नेमके काय देते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

परभणीस रेल्वे कोणत्या वर्षी आली, या साध्या प्रश्नाला वेगवेगळ्या पुस्तकांत १८९९, १९०० आणि १९०१ अशी वेगवेगळी उत्तरे मिळतात. अभ्यासक गोंधळतो व त्यांतील एक वर्ष निवडून मोकळा होतो. रेल्वेचा जाणकार असे करीत नाही. लांब मार्ग एकाच दिवशी खुला होत नसतो. आधी खडी व रूळ वाहणाऱ्या गाड्या धावतात, नंतर एकेका टप्प्याची तपासणी होऊन तो वाहतुकीस खुला होतो आणि अखेरचा टप्पा जुळला की संपूर्ण मार्गाचे उद्घाटन मानले जाते. कोणता ग्रंथकार कोणत्या टप्प्याविषयी बोलतो आहे हे समजून घेतले, तर विरोधाभास बराचसा नाहीसा होतो.

कालगणनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. संस्थानच्या दप्तरात फसली सन वापरला जाई. फसली सनात ५९० मिळविल्यास वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. परंतु संस्थानी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी बदलत असल्यामुळे वर्षाच्या उर्वरित नऊ महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३०९ म्हणजे इ.स. १८९९–१९००. हे लक्षात न घेता केलेल्या रूपांतरांमुळे अनेक घटना एक वर्ष मागे सरकल्या आहेत. घड्याळाची गोष्टही तशीच आहे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी देशातील रेल्वे सामान्यतः मद्रास वेळेनुसार चालत. ही वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे नऊ मिनिटे मागे होती. जुने वेळापत्रक वाचणाऱ्या छांदिष्टाला हे ठाऊक असते, इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा नसते.

भौतिक साधनांविषयीची त्यांची जाण तर विशेष दाद देण्याजोगी आहे. रुळाच्या बाजूवर तो घडविणाऱ्या कारखान्याचे नाव आणि वर्ष उठविलेले असते. सेवेतून काढलेले असे रूळ कुंपणाचे खांब, छपरांचे आधार म्हणून वर्षानुवर्षे उभे असतात. गावकरी त्याला बैल बांधतो, जाणकार त्यावरील गंज घासून वर्ष वाचतो. अर्थात येथे सावधगिरी हवी. रुळावरील वर्ष हे घडणीचे असते, टाकणीचे नव्हे. जुने रूळ मुख्य मार्गावरून काढून शाखामार्गावर किंवा यार्डात पुन्हा वापरण्याची पद्धत रेल्वेत सर्रास आहे. त्यामुळे केवळ रुळावरून मार्गाचा काळ ठरविणे धोक्याचे होय.

स्थानकांच्या नावांतही इतिहास दडलेला असतो. ‘मानवत रोड’ या नावातील ‘रोड’चा अर्थ इतकाच, की स्थानक मानवत गावात नसून गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रेल्वेमार्गाची आखणी करताना मानवतसारखी कापसाची पेठ बाजूला राहिली, ही आर्थिक इतिहासातील मोठी घटना त्या एका शब्दात नोंदली गेली आहे. ‘हिंगोली डेक्कन’ या नावातील ‘डेक्कन’ हे निजामी दख्खनच्या भूगोलाचे अवशेषच म्हणावे लागतील. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, फलकावरील ‘डेक्कन’ मात्र पुढेही कायम राहिले.

कर्मचाऱ्यांजवळील ज्ञान हा याच साधनसंपत्तीचा भाग मानला पाहिजे. वाय.पी. वर्गाचे इंजिन प्रवासी गाड्यांसाठी आणि वाय.जी. मालगाड्यांसाठी, हे पुस्तकात मिळते. चित्तरंजनच्या कारखान्याने अखेरचे वाफेचे इंजिन इ.स. १९७२ मध्ये घडविले आणि ते वाय.जी. वर्गातील होते, हेही मिळते. परंतु हलक्या प्रतीचा कोळसा आला की चढावर वाफ कशी टिकवावी, एकेरी मार्गावर टोकनचे कडे धावत्या इंजिनातून कसे झेलावे, पावसाळ्यात काळ्या मातीचा भराव कोठे खचतो, हे पुस्तकात मिळत नाही. काळ्या मातीवरील लोहमार्गाची देखभाल हे मराठवाड्याचे वैशिष्ट्यपूर्ण तंत्रज्ञान होते आणि ते गँगमनच्या हातात होते.

मर्यादा :

हौशी अभ्यासकांच्या लेखनाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. हे लेखन इंजिनकेंद्री असते. इंजिनाचा क्रमांक, चाकांची रचना, घडणीचे वर्ष यांविषयी काटेकोर असणारा अभ्यासक भराव घालणाऱ्या मजुरांविषयी सहसा मौन पाळतो. हा मार्ग बांधला गेला तो काळ इ.स. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचा होता आणि १९०१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली दिसते. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासल्याशिवाय गोदावरी खोऱ्यातील रेल्वेचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही. इंजिनांच्या याद्यांमधून तो संबंध हाती लागणार नाही. हमाल, गँगमनची कुटुंबे, शेडबाहेर राखेतून कोळसा वेचणाऱ्या स्त्रिया यांना या लेखनात स्थान नाही.

दुसरा दोष स्मरणरंजनाचा. वाफेच्या इंजिनाची शिटी ज्याने फलाटावर ऐकली त्याला ती मधुर वाटते. उन्हाळ्यात भट्टीसमोर दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या फायरमनची साक्ष वेगळी असू शकते. तिसरा दोष संदर्भांचा आहे. माहिती अचूक असूनही ती कोठून आली याची नोंद अनेकदा ठेवली जात नाही, आणि एकाची चूक दहा जणांच्या टिपणांत उतरते.

हे दोष दूर करण्याचे प्रशिक्षण इतिहास विभागांकडे आहे. साधनांची चिकित्सा, मौखिक साक्षीची नोंद, उर्दू दप्तराचे वाचन ही कामे विभागांनी करावयाची आहेत. निजामकालीन कागद हैदराबादच्या अभिलेखागारात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील पुष्कळ भाग उर्दूत आहे. उर्दू वाचू शकणारे प्राध्यापक मराठवाड्यात आजही आहेत, पुढील पिढीत ते किती असतील हे सांगणे कठीण आहे. मराठी संशोधक त्या दप्तराकडे मुक्तिसंग्रामासाठी जातो, रेल्वेसाठी जात नाही. वास्तविक हे दोन विषयही वेगळे नाहीत. मनमाडच्या सरहद्दीवरील छावणी असो वा जानेवारी १९४८ मधील उमरी बँकेची घटना असो, दोन्ही स्थळे याच मीटरगेज मार्गावरील आहेत.

सेलू, मानवत, परभणी, गंगाखेड, पूर्णा या सर्व गावांत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या इतिहास विभागांत दरवर्षी प्रकल्पलेखन होते. त्या प्रकल्पांतून एकेका स्थानकाची नोंद तयार होऊ शकते : स्थानकाची जुनी इमारत, पाण्याची टाकी, रुळांचे खांब, त्यांवरील वर्षे, गावातील निवृत्त कर्मचाऱ्यांची साक्ष, त्यांच्या घरातील ड्युटीच्या डायऱ्या, पास, बिल्ले आणि छायाचित्रे. या वस्तूंना आजवर कोणी साधन म्हटलेले नसल्यामुळे त्या घर बदलताना रद्दीत जातात. हौशी अभ्यासक त्या ओळखू शकतात, महाविद्यालये त्या जपू शकतात. वाफेच्या इंजिनावर १९७० च्या दशकात विशीच्या उमेदीत रुजू झालेला फायरमन आज सत्तरी ओलांडून गेलेला आहे.